ड्रिल मास्तर राजगुरू

काशीच्या रामघाटावर महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींना राजगुरूंची गोष्ट सांगतात ती ऐकताना मला दर वेळी खटकतं. खेडचा शिवराम संस्कृत शिकायला काशीला आला, आणि पुढच्याच वाक्यात लाहोर, 1928, साँडर्सचा वध. मधली नोकरी गळते. त्यांचे क्रांतिकारक सहकारी शिव वर्मा यांच्या आठवणींत ती आहे. बनारसच्या म्युनिसिपल शाळेत राजगुरू ड्रिल मास्तर होते. विशीतला हा मराठी तरुण परक्या गावातल्या पोरांकडून कवायत करून घेत होता. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यातही त्यांनी धडे घेतले होते.

व्यायाम शिकवणाऱ्याची नोकरी आपण अशी विसरतो; अमेरिकेत मात्र कॉलेज फुटबॉलच्या कोचची कारकीर्द लोकांना तोंडपाठ असते. उदाहरणार्थ, जिम्बो फिशर निक सेबन या कोचच्या हाताखाली तयार झाले, 2013 च्या मोसमात फ्लोरिडा स्टेटला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, मग टेक्सास ए अँड एमला गेले. त्या विद्यापीठाने 2023 च्या नोव्हेंबरात त्यांना काढलं, तेव्हा कराराप्रमाणे साडेसात कोटी डॉलरांहून जास्त रक्कम देणं आलं. विद्यापीठाने शिकवण्याऐवजी यावर एवढा पैसा घालवावा हे मला मुळीच पटत नाही. पण कोण कुणाच्या हाताखाली घडला, हे विचारण्याची त्यांची सवय मला फार आवडते. काशीच्या आखाड्यांतही उस्तादाचं घराणं विचारतात. मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर, त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले. या कोंडभटनानांनी काशीत आखाडा काढला. म्हणजे राजगुरू येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी माणूस या गावाला व्यायाम शिकवत होता. व्याकरण आणि वेद शिकायला आलेल्यांची नावं आपण अभिमानाने घेतो, तशीच या शिकवणाऱ्यांचीही घ्यायला हवीत.

इथले आखाडे बघायचे तर नागपंचमीला या. तिकिटं काढताना एक ध्यानात ठेवा. इकडचा श्रावण आपल्याहून पंधरा दिवस आधी लागतो, कारण इथला महिना पौर्णिमेला संपतो. नागपंचमी मात्र शुद्ध पक्षातली, त्यामुळे दोन्हीकडे एकाच दिवशी. त्या दिवशी कुस्त्या आणि जोडी-गदा (जड मुद्गलांची जोडी आणि गदा) फिरवण्याच्या चढाओढी होतात. सकाळीच पोहोचा, चपला बाहेर काढा, आणि विचारल्याशिवाय मातीत उतरू नका. गंगा चढलेली असली तर घाटाघाटाने चालता येत नाही, नावाही बंद असतात. मग चौखंब्याच्या गल्लीतून या.