सोपाऱ्याच्या शिळेपासून ताबोच्या विहारापर्यंत

नालासोपारा पश्चिमेचा स्तूप आपल्या वसई-विरारच्या बांधवांना काही नवा नाही. वैशाख पौर्णिमेला आपण मुलाबाळांसह तिथे जातो, मेणबत्त्या लावतो, वंदना घेतो आणि डबा खाऊन घरी येतो. पण याच सोपाऱ्यात, म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदरात, सापडलेल्या एका दगडावर प्रवास कसा करावा हे लिहून ठेवले आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप उकरला. त्या वेळी गावकरी त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. कोट म्हणून उकरला आणि आत निघाली दगडी पेटी. तिच्यात मैत्रेयासह बुद्धांच्या आठ मूर्ती आणि एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे व सोन्याचे करंडक होते. सर्वात आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राचे बारीक तुकडे! हा ठेवा आज मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्याच साली गावात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचाही भाग सापडला.

आठव्या लेखाचा आशय असा. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. विहारयात्रा म्हणजे शिकार आणि मौजमजा. अशोक राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याची धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी, वृद्धांच्या भेटी, दानधर्म आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून त्यांच्याशी धम्माविषयी विचारपूस. वाचकहो, यात इमारती पाहण्याचा उल्लेख नाही. माणसे भेटण्याचा आहे.

आमच्या विहारातल्या बायकांची भिशी आहे. तिच्यात दोन वर्षे पैसे टाकून आम्ही तेरा जण गेल्या जूनमध्ये हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात जाऊन आलो. कुणी रिक्षा चालवणारे, कुणी कंपनीत, दोन मावश्या घरकाम करणाऱ्या, तीन शाळकरी मुले. निघताना शेजारचे म्हणाले, “अहो, बर्फ बघायचा तर मनालीला जा की!” आम्ही त्यांना आठवा लेख सांगत बसलो नाही.

आगगाडीने डेहराडूनला उतरून आधी कालसी गाठली. यमुनेच्या काठी, हिमालयाच्या अगदी पायथ्याशी असलेल्या या गावात अशोकाचे चौदाही लेख एकाच मोठ्या खडकावर आहेत. १८६० साली तो खडक उजेडात आला. एका अंगाला हत्ती कोरला आहे. सोपाऱ्यात आठव्या लेखाचा नुसता तुकडा. इथे तो पूर्ण. समुद्राकाठी आपले बंदर आणि डोंगराकाठी हे कालसी, दोन्हीकडे राजाची एकच आज्ञा. महावंसात सांगितले आहे की तिसऱ्या संगीतीनंतर योनक धम्मरक्खित थेरांना अपरान्तात म्हणजे आपल्या किनाऱ्यावर धाडले आणि मज्झिम थेरांना हिमालयात. त्या मज्झिमांचे नाव सांचीच्या अस्थिकरंडकावर कोरलेले मिळाले आहे, म्हणजे ही नुसती कहाणी नव्हे.

कालसीहून पाँवटा साहिबमार्गे शिमला, तिथून सतलजच्या कडेने रामपूर आणि रेकाँग पिओ. पिओहून सकाळी सरकारी बस सुटते ती संध्याकाळी काझ्याला पोहोचते. रस्ता कसा आहे हे लिहून घरच्यांना घाबरवत नाही. खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून पुढे झाडे संपतात. उघडे डोंगर, खाली राखाडी पाणी, आणि मध्येच एखाद्या गावाचा हिरवा तुकडा. जायचे असेल त्यांनी याच वाटेने जावे, कारण उंची हळूहळू वाढते आणि विरळ हवेची शरीराला सवय होते. तरी आमच्यातल्या दोघांचे डोके काझ्याला दोन दिवस ठणकत होते. पहिला दिवस नुसते पडून राहावे, पाणी भरपूर प्यावे. भारतीयांना या वाटेवर परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र जवळ असावे.

आता ताबोविषयी सांगतो. दहा हजार फुटांहून उंचावरच्या या गावातला विहार इ. स. ९९६ मध्ये बांधला गेला. गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने तो उभारला. याच राजाने धम्मग्रंथ शिकून यावेत म्हणून एकवीस तरुण काश्मीरला पाठवले होते. उन्हाने आणि तापाने त्यातले बहुतेक गेले, दोघेच जिवंत परतले, असे तिबेटी परंपरा सांगते. त्या दोघांतला एक रिन्चेन झांग्पो. त्याने भारतीय ग्रंथांची भाषांतरे केली आणि आपल्याकडे नष्ट झालेले कितीतरी ग्रंथ तिबेटी भाषेत जिवंत राहिले. शिकण्यासाठी जीव धोक्यात घालून घराबाहेर पडलेली ही पोरे! बाबासाहेबांच्या लेकरांना त्यांची ओळख पटायला वेळ लागत नाही.

बाहेरून पाहाल तर विहार वाटणारच नाही. मातीच्या जाड भिंती, मातीचे छप्पर, बुटके दार. आपल्या आजोळच्या धाब्याच्या घरासारखे. वाकून आत गेलो तर मिट्ट काळोख. वरच्या झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. फोटो काढायला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. डोळे सरावले तेव्हा भिंतींवर, माणसाच्या डोक्याच्या वर, बसलेल्या मूर्ती दिसू लागल्या. तिसाहून अधिक मूर्ती, सगळ्या मातीच्या, हजार वर्षांच्या. खाली रंगीत चित्रे. एका भिंतीवर तथागतांचे चरित्र आहे, ते मुलांनीसुद्धा ओळखले. दुसऱ्या भिंतीवर सुधन नावाच्या तरुणाचा प्रवास रंगवला आहे. हा सुधन ज्ञानाच्या शोधात पन्नासाहून अधिक गुरूंकडे जातो. त्याचे गुरू कोण? भिक्षू आहेतच, पण गृहस्थ आहेत, बायका आहेत, अत्तरविक्या आहे, गणिका आहे, नाव हाकणारा खलाशी आहे. प्रत्येक जण म्हणतो, मला एवढेच येते, पुढचे अमक्याला विचार. आमच्यातल्या धुणीभांडी करणाऱ्या मावशी त्या चित्रापुढे बराच वेळ बसून होत्या. खलाशी म्हटल्यावर मला आपल्या शूर्पारकाचा पूर्ण आठवला. दिव्यावदानात तो दासीचा मुलगा आहे. सावत्र भावांनी त्याला वाटा नाकारला, तो समुद्रावर व्यापार करून मोठा झाला आणि शेवटी भिक्षू झाला.

त्याच विहारात काही गोष्टी मनाला खटकल्याही, त्या लपवत नाही. उग्र चेहऱ्यांच्या, अनेक हातांच्या देवता पाहून आमचा एक तरुण म्हणाला, “काका, बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण इथे हात कुणाला जोडायचे?” प्रश्न बरोबर होता. आम्ही बुद्धमूर्तीपुढे बसून पालीत त्रिसरण-पंचशील घेतले. तिथले वयस्कर लामा दारात उभे राहून ऐकत होते. नंतर त्यांनी सांगितले की त्यांच्याकडे सरण चार, आणि पहिले सरण गुरूचे. आमचा तरुण गप्प बसला, पण त्याला ते पटले नाही. मलाही नाही. धर्मानंद कोसंबी १९०२ साली काशीहून नेपाळात गेले होते, धम्म शोधायला, आणि तिथली अवस्था पाहून निराश होऊन परतले. पण त्यांनी शोध सोडला नाही, त्याच वर्षी सिंहलद्वीप गाठले. बाबासाहेबांचा शेवटचा परदेश प्रवासही हिमालयातल्याच खोऱ्यात झाला. नागपूरच्या दीक्षेनंतर महिन्याभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, आजारी शरीराने ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या विषयावर बोलले. स्तूप-विहारांच्या त्या नगरीत त्यांनी कष्टकऱ्यांच्या दारिद्र्याचा प्रश्न मांडला.

आम्ही उतरलो होतो एका शेतकऱ्याच्या घरी. मटार आणि सातूची शेती. रात्री चुलीभोवती बसल्यावर मावशींनी सरळ विचारले, “तुमच्यात जात आहे का हो?” घरधनी हसून म्हणाले, “आम्ही बौद्ध, आमच्यात कसली जात!” बरे वाटले. पण सूनबाई पोळ्या लाटता लाटता हळूच म्हणाली, “लोहार आणि वाजंत्री यांच्याशी आम्ही सोयरीक करत नाही. जेवायला ते रांगेच्या शेवटी बसतात.” चुलीपाशी कुणीच काही बोलले नाही. लडाखमध्येही हेच आहे. तिथे गारा म्हणजे लोहार आणि मोन व बेडा म्हणजे वाजंत्री यांना खालचे समजण्याची रीत आहे. १९८९ मध्ये हे तिन्ही समाज इतरांबरोबर अनुसूचित जमातींच्या यादीत आले. वाजंत्र्यांशिवाय तिथे लग्न होत नाही, सण होत नाही, आणि वाजवणाऱ्याची जागा मात्र शेवटची! हलगी ज्यांच्या घरात होती त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आमच्या मावशींनी आवाज न चढवता सांगितले की आमच्या आजोबांनी गावकीची कामे टाकली, मेलेली ढोरे ओढणे टाकले, आणि मग आम्ही बौद्ध झालो. घरधनी लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारले, “सगळ्या गावाने एकदम टाकले?” मावशी म्हणाल्या, “सगळ्यांनी. मार खाऊन.”

हजार वर्षे जुना धम्म आणि रांगेत शेवटची जागा, दोन्ही एकाच गावात. माझ्या मते ताबोच्या भिंती पाहण्याइतकेच ते चुलीपाशी बसणे मोलाचे होते. आणि दुसरी बाजूही सांगतो. त्या गावात प्रत्येक घर विहारासाठी धान्य देते, लोणी देते. थोरल्याकडे शेती आणि धाकटा विहारात, अशी तिथली जुनी चाल आहे. मातीचे छप्पर म्हणजे दरवर्षी डागडुजी आलीच. हजार वर्षे ती कुणीतरी केली आहे, म्हणून चित्रे उरली. आता तिकडेही पूर्वीपेक्षा पाऊस पडू लागला आहे आणि मातीच्या छपरांतून पाणी झिरपून चित्रांना इजा होते. आपल्याकडे एकेक विहार वर्गणीतून उभा राहतो, उद्घाटनाला हजारभर माणसे येतात. पण पुढे छप्पर गळू लागले की सभा बोलवावी लागते.

धनकर आणि की हे दोन्ही विहार आम्ही एकेका दिवसात पाहिले. धनकर कड्याच्या टोकावर आहे, खाली पिन आणि स्पिती नद्यांचा संगम. खालची माती सुटत चालली आहे आणि २००६ मध्ये जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या शंभर वास्तूंत त्याचे नाव आले होते. की विहाराने हल्ले, आगी आणि १९७५ चा भूकंप सोसला. चढताना आमची दमछाक झाली, पोरे मात्र हरणासारखी पळत होती.

शेवटच्या दिवशी चौदा हजार फुटांवरच्या लांग्झा गावी गेलो. तिथे उघड्यावर मोठी बुद्धमूर्ती आहे, दरीकडे पाहत बसलेली. गावातल्या मुलांनी ओंजळीत दगड आणून दाखवले. पाहतो तर दगडात गुंडाळी घेतलेले शंख! हिमालय उभा राहण्यापूर्वी इथे टेथिस नावाचा समुद्र होता, त्यातले हे प्राणी. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर शिंपले वेचणाऱ्या आमच्या पोरांना ते खरे वाटेना.

एका घराच्या ओट्यावर एक आजी लोकर कातत होत्या. आम्ही समुद्राकाठचे म्हटल्यावर त्यांनी सगळ्यांना बसवून घेतले. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. पाणी खरेच खारट असते का, असे त्यांनी दोनदा विचारले. मग मावशींनी आपल्या स्तूपाचे सांगितले, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पूर्णाचे सांगितले.

“तिथे लामा किती?” आजींनी विचारले.

“लामा नाहीत, आजी. आम्ही पौर्णिमेला जातो.”

“आणि बाकीच्या दिवशी?”

मावशी बोलणार, इतक्यात आतून त्यांची नात चहा घेऊन आली. मीठ आणि लोणी घातलेला तो चहा पोरांनी तोंडे वाकडी करीत प्यायला.