जॅकेट धुतलं आणि पाऊस आत आला

कपडा धुवायचा म्हणजे भरपूर पावडर, कडकडीत पाणी आणि दणकून ब्रश, हे माझं पंचवीस वर्षांचं शास्त्र. याच शास्त्रानं मुलाचे शाळेचे पांढरे शर्ट शुभ्र राहिले, पाहुण्यांनी आमच्या चादरींचं कौतुक केलं. पण गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर याच शास्त्रानं मी एक जॅकेट बुडवलं. बुडवलं हा शब्द दोन्ही अर्थांनी खरा.

मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि पहिल्या पगारातून त्यानं बाबांसाठी पावसाळी जॅकेट आणलं. आमचे हे जांबोटीकडच्या शाळेत शिक्षक आहेत. बेळगावहून रोज मोटारसायकलवर जाणं-येणं. त्या अंगाचा पाऊस ज्यानं अंगावर घेतलाय, त्याला मी वेगळं काय सांगणार? आजवर साधा प्लॅस्टिकचा रेनकोट असायचा. बाहेरून पाऊस अडायचा, पण आत घामाच्या धारा. शाळेत पोचेपर्यंत शर्ट ओला तो ओलाच. या जॅकेटमध्ये मात्र पहिलं वर्षभर ते कोरडे पोचले. कुणी विचारायचा अवकाश, "लेकानं घेतलंय" हे उत्तर तयार असायचं.

वर्षभरात कॉलर तेलकट झाली, बाह्यांवर चिखल बसला. मे महिन्याच्या शेवटी मी ते जॅकेट हाती घेतलं. गरम पाण्यात पावडर टाकून रात्रभर भिजवलं. सकाळी कॉलर आणि खांदे ब्रशनं घासले. शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करणारं सुगंधी औषध घातलं, मशीनमध्ये पिळून काढलं आणि गच्चीवर रणरणत्या उन्हात टाकलं. संध्याकाळी जॅकेट असं मऊ आणि वासाचं झालं होतं, की मीच खूश झाले.

मृग लागला. पहिल्याच मोठ्या पावसात हे घरी आले, तेव्हा जॅकेटचे खांदे काळे पडले होते. कापड पाणी पिऊन जड झालेलं आणि आतला शर्ट अंगाला चिकटलेला. मी टॉवेल घेऊन धावले. म्हणाले, "पाऊसच तसा होता गं." दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरचा जुना प्लॅस्टिकचा रेनकोट काढला आणि जॅकेटवर चढवला. त्या आठवड्यात दोन दिवस ताप आला.

रविवारी मुलाचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून यांचा आवाज ऐकू आला, "जॅकेट ना? एकदम बेस्ट आहे!" तो आवाज ऐकला आणि माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली. मुलाचं मन मोडू नये आणि माझ्यावरही बोट येऊ नये, म्हणून हा माणूस भिजत होता.

तरी मी दोष दुकानदाराला देत होते. "इतके पैसे घेतले आणि दुसऱ्याच वर्षी गळायला लागलं," असं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना मी आत्ती म्हणते. त्यांचं माहेर गोकाककडचं, त्यामुळे मनातलं नेमकं सांगायचं झालं की त्या कानडीत शिरतात. त्यांनी विचारलं, "धुतलंस कशानं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी कोपऱ्यातल्या घोंगड्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "कंबळिगे साबाण हच्चब्याड!" चिंचोक्याची खळ दिलेलं ते जाड घोंगडं त्यांच्या वडिलांच्या वेळचं. ते पांघरून माणसं पावसात शेतात उभी राहायची. लोकरीला जनावराच्या अंगची चिकट चरबी असते, तीच पाणी अडवते. सोडा-साबण लावून ती काढून टाकली, तर उरते ती नुसती लोकर. म्हणून घोंगडं झटकायचं, वाऱ्यावर टाकायचं, घासत बसायचं नाही.

गणपतीला मुलगा घरी आला. मी यांच्यासमोरच त्याला सगळं सांगून टाकलं. हे उगाच पंचांग चाळत बसले. मुलगा हसला आणि जॅकेटच्या आतल्या शिवणीतली छोटी पट्टी त्यानं उलटून दाखवली. टोपलीच्या चित्रात ३० आकडा होता, म्हणजे पाणी ३० अंशांपर्यंतच कोमट. त्रिकोणावर फुली, म्हणजे ब्लीच नको. इस्त्रीच्या चित्रात एकच टिंब, म्हणजे अगदी मंद. आणि खाली बारीक अक्षरांत, मऊ करणारं औषध घालू नये. वर्षभर ती पट्टी तिथंच होती. मी ती एकदाही वाचली नव्हती.

मग त्यानं समजावलं. अशा जॅकेटमध्ये पाणी अडवणारा पातळ पडदा आत असतो. घामाची वाफ त्यातून बाहेर जाते, पण पावसाचा थेंब आत येत नाही. वरच्या कापडावर वेगळा लेप असतो, त्यामुळे पाणी थेंब होऊन घरंगळतं. साबणाचा आणि त्या सुगंधी औषधाचा अंश कापडात राहिला की लेपाचं काही चालत नाही आणि कापड पाणी शोषतं. कापड चिंब झालं की वाफेला बाहेर जायला वाट राहत नाही. म्हणजे पडदा फाटला नव्हता. यांचा शर्ट बराचसा त्यांच्याच घामानं भिजत होता, जुन्या प्लॅस्टिकच्या रेनकोटात भिजायचा तसाच.

त्याच दिवशी आम्ही जॅकेट पुन्हा धुतलं. चेन आणि चिकटपट्ट्या बंद केल्या. कोमट पाण्यात थोडासा साधा पातळ साबण घातला, तळहातानं हळू दाबलं आणि फेस पूर्ण जाईपर्यंत चार पाणी काढली. पिळलं नाही. हँगरवर सावलीत निथळू दिलं. वाळल्यावर वर सुती कापड टाकून, वाफ बंद ठेवून मंद इस्त्री फिरवली. ऊब मिळाली की दमलेला लेप पुन्हा जागा होतो. इस्त्री जास्त तापली, तर मात्र शिवणींवरची आतली पट्टी सुटते. मग तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. पाठीवर आणि बाह्यांवर थेंब अळवाच्या पानावरच्यासारखे पळाले. खांद्यांवर मात्र काळा डाग पसरला. तिथं बॅगेचा पट्टा घासायचा आणि वर माझा ब्रश. तिथला लेपच निघून गेला होता. मुलानं पुण्याहून पाणी झटकणारा स्प्रे पाठवला, तो मारल्यावर खांदेही सुधारले. कॉलर अजून थोडं पाणी पितेच.

याचा अर्थ जॅकेट धुवायचंच नाही, असा नव्हे. घाम, तेल आणि चिखलही त्या लेपाला तसंच दाबून टाकतात. आता मी पावसाळ्यात दोनदा धुते, एरवी चिखल ओल्या फडक्यानं पुसते. ओलं जॅकेट घडी घालून पिशवीत कोंबत नाही. ओल आणि उष्णता यांनी आतला लेप सोलायला लागतो. आतून पापुद्रे सुटले, की स्प्रे आणि इस्त्री दोन्ही व्यर्थ. आणि एक गोष्ट शेजारच्या अक्कांनाही सांगितली: पाणी अडवणारा रेनकोट किंवा ताडपत्री मशीनमध्ये जोरात फिरवू नका. आत पाणी अडकतं, ड्रमचा तोल जातो आणि मशीन नाचायला लागतं. मशीनच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. तीही मी तेव्हाच पहिल्यांदा उघडली.

यंदा मृगाच्या आधी मी जॅकेट धुतलं आणि यांच्यासमोरच त्यावर तांब्या ओतला. ते म्हणाले, "कॉलरचं काय घेऊन बसलीस, पाठ कोरडी राहते ना?" रविवारी मुलाचा फोन आला आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, "एकदम बेस्ट." या वेळी मी पोळी उलटली आणि ऐकत राहिले.