माहेरच्या गांवीं प्रवासी

स्वतःचें गांव पाहायला कोणी जात नाहीं. पुण्यांत उभा जन्म काढून शनिवारवाड्याच्या आंत पाऊल न टाकलेले कित्येक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यांना त्याबद्दल मुळींच खंत वाटत नाहीं. जें दाराशीं आहे तें उद्यांहि असणारच, अशी खात्री एकदां मनांत बसली म्हणजे पाहण्याची घाई कोण करतो? त्यामुळें गेल्या मार्गशीर्षांत मालवणच्या एका लॉजच्या गॅलरींत चहाचा पेला हातांत धरून आमची सौभाग्यवती जेव्हां म्हणाली, "अहो, आज आपण मालवण पाहूं या कां?" तेव्हां मला प्रथम हंसूंच आलें. मालवण हें तिचें माहेर.

पण हंसूं आलें तसेंच विरलें. आम्ही मालवणला आलों होतों तें कांहीं मौजेसाठीं नव्हे. बाजारपेठेपासून थोडें आंत, माडांच्या बागेंत उभें असलेलें तिच्या वडिलांचें घर विकायचें ठरलें होतें. भाऊ मुंबईला, बहीण बडोद्याला, आम्ही पुण्याला; घराला चार वर्षें कुलूप. दुसरे दिवशीं अकरा वाजतां दुय्यम निबंधकांच्या कचेरींत तिघां भावंडांनीं सह्या करावयाच्या होत्या. या व्यवहाराचा आग्रह सर्वांत अधिक कोणीं धरला असेल तर तो मीं. कोणतीहि गोष्ट कागदावर मांडून दाखविणें हा माझा जुना शिक्षकी रोग आहे. दर पावसाळ्याला फुटणारीं कौलें, वाळवीनें पोखरलेले वासे, घरपट्टी, राखणदाराचा पगार, असा सारा जमाखर्च मीं एका तावावर लिहून तिच्यापुढें ठेवला होता. तिनें तो वाचला, नीट घडी घातली आणि "बरोबर आहे" एवढेंच म्हणून मला परत दिला. हिशेब बरोबर होताच. त्या दोन शब्दांत मला संमति ऐकूं आली आणि मी निर्धास्त झालों.

तर असे आम्ही दोघें, माहेरवाशीण आणि जांवई हीं दोन्ही नातीं लॉजच्या खोलींत ठेवून, परक्या प्रवाशांसारखे धक्क्यावर गेलों, तिकिटें काढलीं आणि नारिंगी जाकिटें अंगांत अडकवून होडींत बसलों. होडीवाल्या तरुणानें "काकी, पाय संबाळून टाका हां, शेवाळ आसा" म्हणून हात पुढें केला. एके काळीं परकर खोंचून याच पाण्यांतून उडी मारून होडींत चढणाऱ्या बाईनें तो हात मुकाट्यानें धरला, आणि अगदीं पुणेरी वळणानें "आभारी आहे हं" म्हणाली. दिवसभर ती तशीच बोलत राहिली.

किल्ल्याविषयींचीं टिपणें मीं आदल्या रात्रींच काढून ठेवलीं होतीं, आणि होडी सुटतांच तीं मी ऐकवूं लागलों. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं कुरटे बेटावर कामाला आरंभ झाला; हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखालीं सुमारें तीन वर्षें तें चाललें; तट भर समुद्रांत टिकावा म्हणून पायांत शिसें ओतलें. ४८ एकरांचें आवार, ३० फूट उंचीचा आणि १२ फूट रुंदीचा तट. जंजिरेकर सिद्दी हार जात नाहीं आणि टोपीकरांचीं जहाजें किनाऱ्यावर मनास येईल तशीं फिरतात, तेव्हां आपलेंहि ठाणें पाण्यांतच पाहिजे, हें शिवाजीमहाराजांनीं ओळखलें. त्याचें हें दगडी उत्तर. पुढें १७६५ मध्यें इंग्रजांनीं किल्ला घेऊन त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असें नांव दिलें. परंतु दुसऱ्याच वर्षीं तो कोल्हापूरकरांना परत करावा लागला, आणि तें नांव आज मालवणांत कोणाला सांगितलें तर तो एखाद्या बिस्किटाचें समजेल. २०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशांत घेतले, त्यांत सिंधुदुर्ग आहे, हेंहि मीं सांगितलें. ती ऐकत होती. मग बोट तटाकडे करून म्हणाली, "दरवाजा कुठें आहे, सांगा पाहूं."

मला दिसेना. होडी जवळ जाऊं लागली तरी समोर नुसती काळी भिंतच. दोन बुरुजांच्या वळणाआड दरवाजा असा लपविला आहे कीं अगदीं तोंडाशीं जाईपर्यंत परक्याला तो सांपडूं नये. लग्नानंतर मालवणला माझ्या तीसएक खेपा झाल्या असतील. दर खेपेला बांगड्याचें तिखलें आणि सोलकढी यांवर ताव मारून पडवींत झोपलों. किल्ला मात्र किनाऱ्यावरूनच पाहिला.

आंत गेल्यावर बोलायची पाळी तिच्याकडे आली. राजाराममहाराजांनीं १६९५ मध्यें बांधलेल्या श्रीशिवराजेश्वराच्या देवळांत महाराजांची मूर्ति दाढीशिवाय आणि डोक्यावर कोळ्यासारखी टोपी अशी आहे, ही मी वाचलेली गोष्ट. पण त्या गाभाऱ्यांतल्या गारव्यांत उन्हाचे पाय कसे शांत होत, ही तिची. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरींचें पाणी भोंवतीं समुद्र असून गोडें, ही माझ्या टिपणांतली नोंद. तिनें मात्र विहिरीच्या कांठाशीं उभें राहून निराळेंच कांहीं सांगितलें. तिच्या वर्गांत किल्ल्यावर राहणारी एक मुलगी होती. पावसाळ्यांत होड्या बंद होत, म्हणून शाळेसाठीं ती आधींच मालवणांत आत्याकडे राहायला येई. वर्गाच्या खिडकींतून तिला किल्ला दिसे. जातां मात्र येत नसे. "बाई फळ्याकडे वळल्या कीं ती खिडकीकडे वळायची," सौभाग्यवती म्हणाली. "आम्ही तिला हंसत असूं."

दरवाजाजवळ तटावर दोन लहान घुमट्या आहेत. चुन्यांत उमटलेला एक हात आणि एक पाऊल त्यांत जपून ठेवलें आहे; महाराजांचें म्हणून लोक तिथें माथा टेकतात. ठसा खरोखर त्यांचाच कीं कसें, याची चिकित्सा करायला मी तोंड उघडणार, इतक्यांत ती पुढें वांकली आणि बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिली.

"बाबांनीं मला इथें उचलून दाखविलें होतें," ती म्हणाली. "मी पांच वर्षांची असेन. त्याच उन्हाळ्यांत पडवीची शेणाची जमीन काढून कोबा केला. ओला होता, तेव्हां बाबांनीं माझा हात धरून त्यावर दाबला आणि म्हणाले, महाराजांचा किल्ल्यांत, बेबीचा घरांत."

"कोणत्या पडवींत?"

"आपल्याच. तुम्ही दुपारीं झोपत होतां ना, तिथें. तुमच्या उशाशीं."

पुढची दुपार मला नीटशी आठवत नाहीं. जेवलों, राजकोटावर गेलों. तिथें डिसेंबर २०२३ मध्यें उभारलेला महाराजांचा पुतळा पुढच्याच ऑगस्टांत कोसळला, आणि आतां त्याहून उंच दुसरा उभा आहे. त्याच्या पायथ्याशीं उभें राहिलें म्हणजे समुद्रांतला साडेतीन शतकांचा तट समोर दिसतो; त्यावर मी आणखी कांहीं लिहीत नाहीं. मोरयाच्या धोंड्यावरहि गेलों. गणेश, चंद्र, सूर्य अशा आकृति कोरलेल्या या किनाऱ्यावरच्या खडकाशीं पूजा करून किल्ल्याच्या कामाला सुरुवात झाली असें सांगतात. इतर दिवशीं मीं तिथें निदान पंधरा मिनिटें व्याख्यान दिलें असतें. त्या दिवशीं माझ्या मनांत एकच विचार घोळत होता : माझ्या त्या तावावर वासे होते, कौलें होतीं, विहिरीचा पंपसुद्धां होता; कोबा नव्हता.

"घरीं जाऊं या," मीच म्हणालों.

शेजाऱ्यांकडची किल्ली घेऊन आम्ही खळ्यांत शिरलों तेव्हां उन्हें कलत होतीं. तुळस वाळून गेली होती. पडवीवर माडाचीं झावळें आणि पातेरा पडला होता. तिनें पदर खोंचला, कोपऱ्यांतला झिजका वाढवण शोधून काढला आणि झाडूं लागली. मीं विहिरीचें बादलीभर पाणी शेंदून आणलें. पाणी ओततांच तांबडा कोबा काळसर झाला आणि खांबाच्या बुडाशीं पांच लहान बोटें वर आलीं. करंगळी जराशी फिसकटलेली होती. ओल्या कोब्यांत हात धरवेना म्हणून तिनें तो ओढून घेतला असावा. माझी उशी नेमकी तिथें असे.

मी खालीं बसलों. म्हणालों, "अग, उद्यांचें अजून कांहीं बिघडलेलें नाहीं. तुझ्या भावाला मी सांगतों. खोदून काढतां येईल, निदान एवढा तुकडा—"

"नको," ती म्हणाली. "खोदला तर फुटेल. आणि पुण्याच्या फ्लॅटांत तो ठेवायचा कुठें? उद्यां मी सही करीन. घर राखायला इथें कोणी नाहीं, हें मला कळतें. फक्त तुम्ही तो कागद पुन्हा काढूं नका, आणि 'बरोबर आहे' असें मला म्हणायला लावूं नका."

मीं मान हलविली. तिनें ठशावर आपला हात ठेवून पाहिला. तो अर्थातच मावेना. मग तळव्यानेंच तिनें त्यावरची उरलेली माती पुसली, आणि एकदां पुसून झाल्यावर पुन्हा पुसली.

इतक्यांत गडग्यापलीकडून एक थकलेला आवाज आला, "कोण गो थंय?"

सकाळपासून पुणेरी बोलत असलेली ती बाई चटकन् उभी राहिली. "मी गे काकी, बेबी!"

"बेबी? कधी इलंस गो? आणि रवलंस खंय?"

लॉजचें नांव तिच्या तोंडून निघेना. ती माझ्याकडे पाहूं लागली. मींहि तें सांगितलें नाहीं. गडग्यापलीकडून उत्तराची वाट न पाहतांच हुकूम आला कीं रात्रीं दोघांनीं जेवायला यायचें, पेज असली तरी चालवून घ्यायची, आणि जांवयाला तिखट कमी लागतें हें आपल्या लक्षांत आहे.