पीडीएफ उघडली, पण वाचता आली का?

नाशिकमध्ये घरोघरी, दुकानोदुकानी लिनक्स बसवून देणं हा माझा व्यवसाय. उबंटू किंवा मिंट बसवलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, यात अ‍ॅडोबी कुठंय?" नाहीच. लिनक्ससाठीचा अ‍ॅडोबी रीडर २०१३ मध्ये ९.५.५ या आवृत्तीवर थांबला. कुठून तरी शोधून तो घालू नका. सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीच बंद झाल्यात.

मिंटमध्ये एक्सरीडर मिळतो, केडीईवर ऑक्युलर, ग्नोमवर एव्हिन्स (नव्या ग्नोममध्ये त्याच्या जागी पेपर्स). नावं चार, पण पान रंगवणारं इंजिन एकच, पॉपलर. म्हणून एका व्ह्यूअरमध्ये पान विचित्र दिसलं म्हणून दुसरा घालण्यात बहुधा अर्थ नसतो. इंजिनच वेगळं हवं असेल तर म्युपीडीएफ घ्या, नाहीतर सरळ फायरफॉक्समध्ये फाइल उघडा.

स्कॅन केलेल्या जाड पुस्तकांना म्युपीडीएफला तोड नाही. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा खंड, अशा जुन्या स्कॅनमधल्या जेपेग २००० चित्रांवर पॉपलर धापा टाकतं, म्युपीडीएफ भराभर पानं उलटतं. मात्र त्यात टूलबार नाही. रुंदीला बसवायला कॅपिटल डब्ल्यू, शोधायला तिरकी रेघ. वडीलधाऱ्यांच्या मशीनवर मी तो एकटा कधीच ठेवत नाही.

मराठी फाइलची तऱ्हा वेगळी. पानावर 'नाशिक' स्वच्छ दिसतं, पण शोधलं की सापडत नाही. कॉपी करून एडिटरमध्ये चिकटवा, 'नािशक' असं काहीतरी येतं, कारण अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल असेल तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. फाइलमधले फॉन्ट तपासायला टर्मिनलमध्ये 'पीडीएफफॉन्ट्स' चालवा. 'एम्ब' रकान्यात 'नो' दिसलं तर फॉन्ट फाइलमध्ये घातलेलाच नाही. व्ह्यूअर बदलून यातलं काहीही सुधारत नाही; दोष फाइल बनवणाऱ्याचा.

सही तपासायची असेल तर मात्र व्ह्यूअरची निवड महत्त्वाची ठरते. ई-आधार घ्या. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल हा पासवर्ड टाकला की फाइल उघडते. ऑक्युलर डिजिटल सही दाखवतं. 'सही वैध, पण सर्टिफिकेट देणारा अनोळखी' असा शेरा आला की लोक दचकतात. फाइलमध्ये फेरफार झालेला नाही, हे पहिल्या अर्ध्या वाक्यात आलंच. दुसऱ्या अर्ध्याचा उपाय म्हणजे भारताच्या सीसीएचं, म्हणजे डिजिटल सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवरच्या सरकारी नियंत्रकाचं, मूळ सर्टिफिकेट त्यांच्याच संकेतस्थळावरून घेऊन फायरफॉक्समध्ये आयात करायचं. ऑक्युलर सहसा तिथलाच साठा वापरतं.

माझं मत विचाराल तर रोजच्या कामाला ऑक्युलर आणि स्कॅनसाठी म्युपीडीएफ. मिंटवर ऑक्युलर टाकताना केडीईच्या बऱ्याच लायब्रऱ्या सोबत येतात, तेवढी डिस्कवरची जागा आधी बघून घ्या.