सात घरांचे अन्न

गरीब विद्यार्थ्याने शिकावे कसे, या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले एक फार जुने उत्तर 'वार' या दोन अक्षरांच्या शब्दात साठवलेले आहे. खेड्यातून पुण्यास किंवा साताऱ्यास विद्येसाठी आलेला मुलगा सात कुटुंबांशी आठवड्याचे सात वार ठरवून घेई. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे करीत आठवडा निघे. ज्याला सातही घरे मिळत नसत त्याचे एकदोन दिवस कोरडे जात, आणि ज्याला वारच लाभत नसत तो झोळी घेऊन माधुकरी मागे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात इंग्रजी शिकून पुढे वकील, शिक्षक वा कारकून झालेल्या कितीतरी माणसांच्या आठवणींत हे वार येतात. कोणत्या घरी ताक पातळ असे, कोणत्या घरची माउली पानात न विचारता दुसरी पोळी टाकी, हे त्यांना उतारवयातही स्मरत असे.

ही व्यवस्था माणुसकीची होती यात शंका नाही. परंतु तिला दोन मर्यादा होत्या. पहिली जातीची. वार मिळे तो बहुधा ब्राह्मण मुलाला, आणि ब्राह्मणाच्या घरी. कुणब्याच्या, धनगराच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलासाठी शहरात कोठेच पान मांडलेले नसे. दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म होती. वाराच्या मुलाने घरात पडेल ते काम करावे, असा अलिखित नियम असे. आडाचे पाणी शेंदावे, मंडईतून भाजी आणावी, घरातील धाकट्याकडून पाढे म्हणून घ्यावेत. श्रम होते, मात्र त्यांना श्रम म्हटले जात नसे, आणि म्हणून त्यांचे मोलही ठरत नसे. मोल न ठरल्यामुळे खाल्लेले अन्न कधीही फिटत नसे. सात घरांचे ऋण घेऊन तो मुलगा पदवीधर होई आणि ते ऋण जन्मभर त्याच्या बोलण्यात राही.

या दोन्ही मर्यादा एकदम ओलांडणारा माणूस शेतकरी समाजातून यावा, हे स्वाभाविकच होते. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे झाला. तरुणपणी त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव फिरून विकले; खेड्यातल्या माणसाची अडचण त्यांनी त्याच्या बांधावर उभे राहून पाहिली होती. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली राहू लागली, एका चुलीवरचे जेवू लागली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडण्यास दिले, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. १९३० साली त्या निवर्तल्या.

परंतु दागिन्यांवर वसतिगृह किती दिवस चालणार? दान कितीही उदार असले तरी ते वाराचेच मोठे रूप ठरते, हे भाऊरावांनी ओळखले होते. म्हणून मुलांनी भाजी पिकवावी, पाणी भरावे, स्वयंपाक करावा, माळ फोडून जमीन करावी आणि त्या कामाच्या बळावर शिकावे, अशी रीत त्यांनी पाडली. 'कमवा आणि शिका' हे तिचे नाव, आणि 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे बोधवाक्य. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज याच तत्त्वावर निघाले. येथील शिक्षणास मोफत म्हणत. पण ते फुकट नव्हते. संस्था पैशाऐवजी मुलाचे हात मागत होती, आणि ते मागताना त्याची जात विचारीत नव्हती.

या रीतीची एक बाजू सहसा नजरेतून निसटते. साताऱ्याच्या त्या वसतिगृहात काम देणारा, शिकविणारा आणि दोन वेळा मूल जेवले की नाही हे पाहणारा, असे तीन निराळे धनी नव्हते. परीक्षा आणि कापणी एकाच आठवड्यात आली, तर त्याचा निवाडा एकाच छपराखाली होणार. कामाने थकलेला मुलगा वर्गात डुलक्या घेऊ लागला, तर तो का पेंगतो हे शिक्षकाला ठाऊक असणार. श्रम कठीण होते, आणि त्यात वाचनाचे तास खर्ची पडत नव्हते असे कोणी म्हणू नये. तथापि त्या श्रमांचा हिशेब शिक्षणाच्याच वहीत लिहिला जात होता.

जगात इतरत्रही ही कल्पना याच वाटेने आलेली दिसते. अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १८८१ पासून बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून आपल्या शाळेच्या इमारती उभारल्या. केंटकी राज्यातील बेरिया महाविद्यालयात शिकवणी-शुल्क नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून ठरावीक तास काम करावेच लागते. तेथे कोणी गरीब म्हणून वेगळा ओळखू येत नाही, कारण झाडू सर्वांच्याच हाती असतो. १९६४ साली अमेरिकी शासनाने गरजू विद्यार्थ्यांच्या विद्यापीठातील कामासाठी आपल्या तिजोरीतून वेतन देण्याची योजना आखली. परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्याला तेथे सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. ज्यांनी घरी स्वतःचे ताटही कधी उचलले नाही अशी मराठी मुले तिकडच्या भोजनगृहांत शेकडो ताटे धुतात आणि ते पत्रांतून, फोनवरून कौतुकाने सांगतात. घरचेही ते कौतुकाने ऐकतात. तेच काम तो मुलगा गावातल्या खाणावळीत करता, तर त्याच घरात ते लपविले गेले असते.

महाराष्ट्रातील विद्यापीठांनीही ही वाट सोडली नाही. पुणे विद्यापीठाच्या योजनेला कर्मवीरांचेच नाव आहे. ग्रंथालयात पुस्तके लावणे, कार्यालयात नोंदी करणे, बागेत पाणी घालणे अशी कामे विद्यार्थी करतात आणि तासांवर मोबदला घेतात. कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाच्या विद्यार्थी भवनात काम करून राहणाऱ्या मुलांची परंपरा आहे. खेड्यातून आलेल्या अनेकांची पदवी या तासांवर तरली आहे. पण साताऱ्याहून एक फरक पडला. तेथे सारेच राबत होते. येथे अर्ज करील तो राबतो, आणि अर्ज करतो तो गरजू. सोबतचे विद्यार्थी उपाहारगृहाकडे जात असताना हाती पाण्याची नळी घेऊन उभा असलेला मुलगा आपला चेहरा झाडांकडे वळवतो. वेतन तेच, काम तेच. बदलली आहे ती त्याच्या भोवतीची माणसे.

सीमाभागातील मराठी मुलांची वाट पुष्कळदा याहूनही दूर जाते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, आणि तेथील मुलांची राजधानी बंगळूर झाली. बारावीनंतर रात्रीची गाडी पकडून निघालेला मुलगा सकाळी त्या शहरात उतरतो. महाविद्यालय कोठे, भाड्याची खोली कोठे. आणि काम शोधायला तो ज्या वस्त्यांत फिरतो त्यांत इंदिरानगर हे नाव हटकून असते.

या इंदिरानगरात मराठी माणसाला ओळखीचा वाटेल असा एक धागा आहे. त्याच्या मोठ्या भागाचे कागदोपत्री नाव 'एचएएल दुसरा टप्पा' असे आहे. ज्या विमान कारखान्यावरून ते पडले, तो १९४० साली सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी बंगळुरात उभा केला. साताऱ्यात सयाजीराव हायस्कूल निघाले तेच हे वर्ष. पुढे बिन्नमंगलसारख्या जुन्या गावाला पोटात घेऊन येथे बंगल्यांची शांत, झाडांची वसाहत झाली. संगणक-उद्योगाने शहर पालटले तशी 'हंड्रेड फीट रोड'च्या दोन्ही अंगांचे बंगले दुकानांत आणि उपाहारगृहांत बदलत गेले. २० ऑक्टोबर २०११ रोजी बंगळूरची पहिली मेट्रो धावली ती याच भागातून. वस्तीला कोणते विद्यापीठ नाही; परंतु संध्याकाळी तेथील कॉफीच्या दुकानांत, कपड्यांच्या दालनांत कप भरणारे, घड्या घालणारे हात पाहावेत, तर त्यांतील कितीतरी हात सकाळी वहीवर असतात.

अशाच एका मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळी वर्ग, दुपारी दोन तास झोप, संध्याकाळपासून दुचाकीवर पाठीशी चौकोनी पिशवी. उपाहारगृहाच्या मागल्या दाराशी तो बंद डबे घेतो आणि मोबाइलवरील नकाशा सांगेल त्या दारी नेऊन देतो. उपाहारगृहात कन्नड, पहारेकऱ्याशी हिंदी, दार उघडणाऱ्याशी इंग्रजी, आणि मध्येच घरून फोन आला तर मराठी. "जेवलास काय रे?" असे आई विचारते. पाठीवर चार घरांचे जेवण असलेला तो मुलगा "हो, जेवलो आई," म्हणतो आणि पुढल्या वळणाला लागतो. त्याचा पणजोबा अन्नासाठी सात दारी गेला असेल. तो एका रात्रीत सात दारी अन्न पोचवून येतो.

या दोघांत पणतूची स्थिती सर्वस्वी वाईट आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच्या श्रमाला मोल आहे, आणि ते ठरलेल्या दिवशी त्याच्या खात्यात जमा होते. दार उघडणारा त्याची जात विचारीत नाही. कोणाच्या घरचे ताक पातळ होते, हे त्याला आयुष्यभर लक्षात ठेवावे लागणार नाही. उपकाराचे ओझे उतरावे म्हणून भाऊरावांनी मुलांच्या हाती खोरे दिले. ते ओझे इंदिरानगरच्या रस्त्यावर जवळपास आपोआप उतरलेले आहे. परगावी ओळख नसल्याचा आणखी एक लाभ असा, की त्याला चेहरा झाडांकडे वळवावा लागत नाही.

पण त्याच अनोळखीपणाची किंमतही तोच देतो. वाराच्या घरची माउली रुसली तर एक वार तुटे; येथे ग्राहक रुसला तर मोबाइलवरील तारे कमी होतात, आणि तारे कमी झाले की काम आटते. ज्या कंपनीसाठी तो फिरतो तिला त्याची परीक्षा कधी आहे ते ठाऊक नाही; ते ठाऊक असण्याचे तिला कारणही नाही. ज्या महाविद्यालयात तो शिकतो त्याला तो रात्री किती वाजता परतला ते कळत नाही. हजेरीपटावर अनुपस्थितीची खूण होते. तिच्या मागे आजार आहे, आळस आहे की मजुरी, हे त्या खुणेत दिसत नाही. दालनात उभ्याने काम करणाऱ्या मुलीची गोष्ट आणखी अवघड. दुकान बंद होण्याची वेळ आणि शेवटच्या मेट्रोची वेळ यांचा मेळ तिलाच रोज घालावा लागतो. २०२५ साली कर्नाटक राज्याने अशा मोबाइल-मंचांवर काम करणाऱ्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कायदा केला. दुचाकीवरल्या माणसाला शासनाने कामगार म्हणून ओळखले, ही मोठी गोष्ट झाली. त्या कामगारात एक विद्यार्थी आहे, हे ओळखणे कायद्याच्या हाती नाही. ते काम महाविद्यालयाचे आहे.

आणि हे काम फार खर्चाचे आहे असेही नाही. प्रत्येक महाविद्यालयात ग्रंथालय असते, प्रयोगशाळा असते. पुष्कळ ठिकाणी ग्रंथालयाचे दार संध्याकाळी केवळ माणसे नाहीत म्हणून बंद होते. ते दार आणखी चार तास उघडे ठेवण्याचे काम आळीपाळीने सर्वच विद्यार्थ्यांकडे सोपविले, ज्यांना गरज आहे त्यांना त्याचे वेतन दिले, तर पाण्याच्या नळीसारखी खूण कोणाच्याही हातावर उमटणार नाही. ज्यांना तरीही बाहेरच काम करावे लागेल, त्यांच्यासाठी प्रवेशाच्या अर्जात एक रकाना पुरे: विद्यार्थी काम करतो काय, आणि कोणत्या वेळी. तो रकाना वाचून एखाद्या शिक्षकाने सकाळचा तास दुपारी घेतला, तर साताऱ्याच्या वसतिगृहातील अर्धी व्यवस्था तेथे पुन्हा उभी राहील.

काम करून शिकण्याची लाज मराठी मुलाने पुष्कळ मागे टाकली आहे. राबण्यालाही तो भीत नाही. बेळगावहून रात्रीच्या गाडीने निघतानाच त्याने ते गृहीत धरलेले असते. त्याची कमाई आणि त्याची विद्या या दोन वह्या एकत्र ठेवून पाहणारे कोणी तरी हवे, एवढीच त्याची उणीव आहे. शंभर वर्षांपूर्वी नांगर विकणाऱ्या एका माणसाने ते काम पत्करले, तेव्हा त्याच्यापाशी वसतिगृहाला पुरेल इतके धान्यही नव्हते.