झूमचा आकडा आणि सागवनातला उजेड

टिपेश्वर अभयारण्यात सुन्ना गेटातून पहिली जिप्सी आत शिरते, तेव्हा सागाच्या शेंड्यांनाही ऊन लागलेलं नसतं. फोटोसाठी सगळ्यात मोलाचा तास तोच. स्वस्तातल्या सुपरझूम कॅमेऱ्याचा कसही तिथेच लागतो.

यवतमाळ जिल्ह्यात जंगलाची ओढ असलेली, पण बॉडी आणि १५०-६०० मिमी लेन्सची लाखाच्या पुढची जोडी न परवडणारी तरुण मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी सेकंड हँड सुपरझूम हा चांगला, मानाचा रस्ता आहे. फक्त निवड करताना नजर आधी झूमच्या आकड्यावर जाते आणि गडबड होते. २०१२ सालचा कॅनन एसएक्स५० पन्नासपट, म्हणजे १२०० मिमीपर्यंत पोचतो. २०१५ चा निकॉन पी९०० तर ८३ पट, २००० मिमीपर्यंत. त्यांच्याशेजारी पॅनासॉनिकचा एफझेड२०० तोकडा वाटतो, कारण तो ६०० मिमीलाच थांबतो. पण त्याचं भिंग शेवटपर्यंत एफ २.८ इतकं उघडं राहतं. बाकीचे दोघे पूर्ण झूमवर एफ ६.५ ला येतात. सेन्सर तिघांचाही सारखाच, जेमतेम सहा बाय साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे पूर्ण झूमवर एफझेड२०० ला पाचपटीहून जास्त प्रकाश मिळतो. जिथे इतरांना १/६० चा शटर ठेवावा लागतो, तिथे तो १/३२० वर चालतो.

हा फरक वाघाच्या पट्ट्यांत दिसतो. टिपेश्वरचा टी१सी१ हा वाघ २०१९ मध्ये चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला, हे कळलं ते त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे. कॉलर नसलेला वाघ ओळखायचा तो अंगावरच्या पट्ट्यांवरून, आणि डाव्या-उजव्या कुशीची नक्षीही वेगळी असते. हललेल्या फोटोत ती पुसटते.

बेंबळा धरणावर मात्र गणित उलटतं. हिवाळ्यात, स्वच्छ उन्हात, पाण्यावर दूर बसलेल्या बदकांसाठी लांब झूमच हवा. मे महिन्यात दुपारी तापलेली हवाच थरथरते, तेव्हा १२०० मिमीही उपयोगाचे नाहीत.

घेताना मोबाइलवरच्या फोटोंवर विसंबू नये. कॅमेरा हातात घेऊन झूम पूर्ण बाहेर-आत करावा. अडखळला किंवा करकरला तर सौदा सोडावा. झूमची नळी भात्यासारखी हवा ओढते, त्यासोबत जंगलरस्त्याची धूळही. लेन्स निघत नसल्याने आत गेलेली धूळ घरी साफ होत नाही. म्हणून एफ ८ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग शोधावेत, आणि टॉर्चच्या उजेडात भिंगावर बुरशीचे धागे दिसतात का ते पाहावं.

आणखी एक गोष्ट: पी९०० ला रॉ फाइल नाही. एसएक्स५० आणि एफझेड२०० ला ती आहे. पहाटेचा काळवंडलेला फोटो नंतर सावरायला तिचा मोठा आधार. किंमत सारखी असेल आणि जायचं टिपेश्वरलाच असेल, तर एफझेड२०० घ्यावा. चार पैसे उरले तर दुसरी बॅटरी.