जुन्या मागाची साक्ष

१/ मोडीत निघालेला हातमाग विकत घेऊन घरी आणला, की पहिला मोह होतो तो त्याला स्वच्छ करण्याचा. फणीत अडकलेले मळकट धागे कापून टाकावेत, लाकूड घासून लखलखीत करावे, असे वाटते. याच घाईत मागाचा निम्मा इतिहास केरात जातो. तो कसा वाचवावा, याविषयीचा हा धागा.

२/ ते मळकट धागे म्हणजे कचरा नव्हे. एक ताणा संपला की विणकर त्याची टोके फणीत मुद्दाम राखून ठेवतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या टोकाशी सांधतो. शेकडो धागे नव्याने ओवण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात. म्हणूनच ती टोके शेवटच्या कापडाचा आराखडा ठरतात. ओवणीचा क्रम कोणता, एका इंचात धागे किती, काठ कोठून सुरू होतो, हे सारे त्यांत वाचता येते. कापण्यापूर्वी मोजणी आणि छायाचित्रण व्हायलाच हवे.

३/ मग चौकट. तिचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान नसतील तर चौकट तिरकी झालेली असते आणि कापडही तिरके उतरते. गंजलेली फणी धाग्यावर डाग पाडते, त्यामुळे ती बदलणे भाग असते. मात्र जुनी फणी जपून ठेवावी.

४/ खरा पेच पुढे आहे. पुष्कळ मागांच्या फणीच्या दोन्ही बाजूंना धोट्याच्या पेट्या असतात. जॉन के या इंग्रज कारागिराने १७३३ साली धावत्या धोट्याचे पेटंट घेतले. त्यापूर्वी धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलावा लागे, त्यामुळे एकट्या विणकराच्या कापडाचा पन्हा त्याच्या हातांच्या पल्ल्यापुरताच राही. आता दोरीचा एक झटका पुरेसा झाला. भारतात ही युक्ती मोठ्या प्रमाणावर पसरली ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात.

५/ मग माग ‘प्राचीन’ दिसावा म्हणून या पेट्या काढाव्यात काय? मुळीच नाही. गिरणीच्या कापडापुढे तग धरण्यासाठी विणकराने आपले साधन बदलले, याचा तो पुरावा आहे. हातमाग शतकानुशतके जसाच्या तसा राहिला, हा समज अशा पेट्याच खोडून काढतात.

६/ लाकूड दुरुस्त झाले तरी विणणे येत नाही. गांधीजींनी आत्मकथेत हा अनुभव नोंदवला आहे. सत्याग्रह आश्रमात माग आले, परंतु आश्रमवासीयांत कारागीर एकही नव्हता. पालनपूरहून शिक्षक मिळाला, पण त्याने आपली विद्या पूर्णपणे दिली नाही. अखेर यंत्रकामात उपजत गती असलेल्या मगनलाल गांधींनी ती आत्मसात केली आणि पुढे आश्रमात नवे विणकर तयार झाले.

७/ त्या शिक्षकाला कृपण म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याची विद्या हेच भांडवल, त्याने ते सहज वाटून टाकावे, ही अपेक्षा कितपत न्याय्य?

८/ म्हणून माग विकत घेताना त्याच्याबरोबर काही प्रश्नही घरी न्यावेत. यावर काय विणले जाई? पेट्या कोणी बसवल्या? तो बंद का पडला? विकणाऱ्या घरात विणणारे हात अजून असतील, तर लाकडाच्या किमतीबरोबर त्यांच्या शिकवणीचेही मोल द्यावे. सुतार पुढेही मिळेल. ते हात मिळतीलच असे नाही.